कॉलेजात ईटिंग डिसऑर्डरचं स्क्रीनिंग करायचंय? मग फॉर्म सगळ्यात शेवटी काढा

ईटिंग डिसऑर्डर म्हणजे खाण्याशी जोडलेले मानसिक आजार, आणि स्क्रीनिंग म्हणजे ते कोणाला असू शकतात याची पहिली चाळणी. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पार उलट्या टोकाने केलं. एका कॉलेजात काउन्सेलर म्हणून लागून चार महिने झालेले, उत्साह नुसता उतू चाललेला, नेटवरून एक प्रश्नावली उचलली, गूगल फॉर्म बनवला आणि एफवायच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेदहाला टाकून दिला. सकाळी बघते तर १९ जणांचा स्कोर धोक्याच्या रेषेच्या वर. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आता पुढे काय करायचं हे आपण ठरवलेलंच नाही. ना कुठल्या सायकियाट्रिस्टशी बोलणं झालेलं, ना प्राचार्यांना काही कल्पना, त्यात शहाणपणा करून नाव ऑप्शनल ठेवलेलं, त्यामुळे १९ पैकी ७ जण कोण हेही कळायला मार्ग नाही. त्या सातांतल्या एकाने उलटीच्या प्रश्नापुढे "जवळजवळ रोज" असं लिहिलं होतं. ते कोण होतं मला आजतागायत माहीत नाही.

म्हणून हा लेख शेवटाकडून सुरू होतो. कॉलेजातले काउन्सेलर, हॉस्टेलचे रेक्टर, एनएसएसचे सर-मॅडम, मानसशास्त्र विभागातले लोक, ज्यांना कोणाला हे काम करायचंय त्यांच्यासाठी.

आधी पाठवायचं कुठे ते ठरवा

एक साधा कागद घ्या आणि त्यावर चार नावं आणि चार फोन नंबर लिहून होत नाहीत तोवर फॉर्मला हातसुद्धा लावू नका. एक सायकियाट्रिस्ट, एक फिजिशियन (जो ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम त्याच दिवशी करून देईल), एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि एक डाएटिशियन जिला "वजन कमी करून देते" याच्या पलीकडचं काम येतं. हे शेवटचं माणूस शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आधीच सांगून ठेवते. तालुक्याच्या गावात कॉलेज असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात स्वतः जाऊन या, फोनवर भागत नाही, डॉक्टरांना चेहरा माहीत असला की पोरगं पाठवल्यावर ओपीडीच्या लाइनीत हरवत नाही. आणि रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, सरकारी आहे, फुकट आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि मराठीत बोलता येतं.

मग हिशोब करा. तुम्ही एकटे आठवड्यात किती मुलांना प्रत्येकी पाऊण तास देऊ शकता? माझं उत्तर होतं आठ. म्हणजे एका वेळी ५०० जणांना फॉर्म देणं हा शुद्ध मूर्खपणा होता. का ते सांगते.

समजा ५०० पैकी २५ मुलांना खरंच त्रास आहे. स्कॉफ नावाची जी पाच प्रश्नांची चाचणी आहे (खाली येतेच) ती जनरल प्रॅक्टिसच्या पेशंटवर तपासली तेव्हा खऱ्या केसेसपैकी ८४.६ टक्के पकडल्या आणि बिनत्रासाच्या लोकांपैकी ८९.६ टक्के बरोबर सोडून दिल्या. ऐकायला झकास. पण गणित मांडा, २५ पैकी २१ सापडतील, आणि उरलेल्या ४७५ मधले ४९ जण उगीचच जाळ्यात येतील. म्हणजे तुमच्या दारात ७० जण उभे आणि त्यातले खरे २१. दहातले तीन. बाकीच्या सातांना "तुला आजार आहे" असं चुकून जरी म्हटलं तरी आपणच नवीन त्रास सुरू करून दिला.

अमेरिकेत कुठली तपासणी सरसकट करावी हे ठरवणारी जी तज्ज्ञांची टास्क फोर्स आहे तिनेसुद्धा मार्च २०२२ मध्ये हेच म्हटलं की काहीही लक्षण नसलेल्या सगळ्यांचं असं स्क्रीनिंग करावं की करू नये, दोन्ही बाजूंनी पुरेसा पुरावा नाही. म्हणून मी आता अख्ख्या कॉलेजला फॉर्म वाटत नाही. हॉस्टेलमधली पहिल्या वर्षाची मुलं, खेळाडू, डान्सवाली, जिमवाली, पीसीओएस किंवा टाइप १ डायबेटिस असलेली, आणि जे कुठल्याही कारणाने माझ्या खोलीत येतात ते. एवढंच, आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी.

कोणाला काय सांगायचं

प्राचार्यांकडून लेखी परवानगी घ्या आणि त्या पत्रात एक वाक्य स्पष्ट टाका, की वैयक्तिक उत्तरं प्राचार्य, एचओडी, रेक्टर कोणालाच दिसणार नाहीत. हे आधी लिहून घेतलं नाही तर नंतर "मॅडम जरा लिस्ट दाखवा ना" असा निरोप येतोच. मानसिक आरोग्याबद्दलची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्टमध्ये हक्कच आहे, अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे जीवाला धोका असेल तर. हा अपवाद मुलांनाही फॉर्मच्या आधीच सांगायचा, नंतर नाही. परवानगी मिळत नसेल तर सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांत प्रशिक्षित काउन्सेलर हवाच असं म्हटलंय तेही पुढे करा, आमच्याकडे त्या एका वाक्याने बरंच काम झालं.

अकरावी-बारावीची मुलं १८ च्या आतली, त्यांच्यासाठी पालकांची संमती लागते. इथे पत्रात "ईटिंग डिसऑर्डर" लिहिलं की पालक घाबरतात नाहीतर हसतात. मी "आहार, झोप आणि ताण यांची आरोग्य तपासणी" असं लिहिते आणि खाली तीन ओळींत नक्की काय विचारणार ते खरं खरं सांगते. लपवायचं काही नाही, फक्त शब्द घरातले वापरायचे.

प्रश्न कुठले

दोन चाचण्यांवर माझं काम भागतं.

पहिली स्कॉफ. लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमधल्या मॉर्गन, रीड आणि लेसी या तिघांनी १९९९ मध्ये छापली. पाच प्रश्न, हो किंवा नाही, दोन "हो" आले की पुढे बोलायचं. मी समोर बसून तोंडी असे विचारते:

१. पोट गच्च भरलं, कसंतरी व्हायला लागलं म्हणून तू मुद्दाम उलटी काढतेस का?
२. आपण किती खातोय यावर आपला ताबाच राहिला नाही, अशी काळजी वाटते का?
३. गेल्या ३ महिन्यांत ६ किलोपेक्षा जास्त वजन उतरलंय का?
४. बाकीचे म्हणतात फार बारीक आहेस, पण तुला मात्र आपण जाडच आहोत असं वाटतं का?
५. खाण्याच्या विषयाने तुझं सगळं आयुष्यच व्यापलंय असं म्हणशील का?

तिसऱ्यात मुळात "एक स्टोन" आहे, म्हणजे ६.३५ किलो, आपल्याकडे स्टोन कोणाला कळणार. आणि पहिल्या प्रश्नाचं भाषांतर जपून करा. माझ्या त्या पहिल्या दिव्य फॉर्ममध्ये मी "तुम्ही स्वतःला आजारी पाडता का" असं लिहिलं होतं, तर निम्म्या वर्गाने हो म्हटलं, बिचाऱ्यांना रात्रीचा वडापाव आठवला असणार.

दुसरी ईट-२६. टोरोंटोच्या गार्नर आणि मंडळींनी १९८२ मध्ये आधीच्या ४० प्रश्नांवरून कमी करून बनवली. २६ प्रश्न, "नेहमी" ला ३, "बहुतेक वेळा" ला २, "बऱ्याचदा" ला १, आणि खालच्या तिन्ही उत्तरांना ०. नवीन, तुपकट-गोड पदार्थ खाऊन बघायला आवडतात का असा एक प्रश्न आहे त्याचं मार्किंग उलटं करायचं, हे नव्वद टक्के लोक विसरतात (हा माझा अंदाज आहे हो, कुठल्या अभ्यासातला आकडा नाही). बेरीज २० किंवा वर गेली की मुलाखत. पण बेरजेपेक्षा त्याला जोडलेले वागण्याबद्दलचे प्रश्न मला जास्त कामाचे वाटतात, म्हणजे ताबा सुटून खाणं, उलट्या, जुलाबाच्या गोळ्या, अति व्यायाम, अचानक उतरलेलं वजन. बेरीज ९ आणि जुलाबाच्या गोळ्या आठवड्यातून तीनदा, असं पोरगं सोडून द्यायचं नाही.

दोन्ही चाचण्या निदान करत नाहीत. दार ठोठावतात एवढंच.

आपल्याकडचे घोळ

हा भाग जरा वेळ घेऊन वाचा कारण चाचण्या बनवणाऱ्यांना संकष्टी माहीत नव्हती.

ईट-२६ मध्ये एक प्रश्न आहे, भूक लागली तरी खाणं टाळता का, याला आपल्याकडची साधी घरंदाज मुलगी "हो" म्हणणार, कारण गुरुवार आहे, एकादशी आहे, श्रावणी सोमवार आहे, नवरात्रात तर सलग नऊ दिवस. त्यामुळे नवरात्र, श्रावण आणि रमजान या काळात मी चाचणी घेतच नाही. पण उलटंही होतं, उपवास ही आजाराची सगळ्यात सभ्य ओढणी आहे, घरात कोणी अडवत नाही उलट कौतुक होतं. ओळखायचं कसं? मी एकच विचारते, "उपवास सोडताना काय करतेस?" साधी मुलगी हसून सांगते, आई वरणभात टाकते, मी दोनदा घेते. आजारी मुलगी सोडण्याचा विषय टाळते, पुढचा वार शोधते, आणि साबुदाण्याची खिचडीसुद्धा खात नाही कारण त्यात दाणे आणि तूप. गुरुवार धरणारी पोरगी सहा महिन्यांत मंगळवार, शनिवार आणि चतुर्थी पण धरायला लागली तर देवापेक्षा वजनकाटा जवळ आलाय का ते बघा.

दुसरा घोळ म्हणजे "मी जाड आहे" असं वाटणं. हे सगळ्यांना वाटतंच असं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये पाच तरुण मुलींच्या केसेस लिहिल्या, खाणं बंद, उलट्या, वजन घसरलेलं, पाळी गेलेली, पण शरीराच्या आकाराबद्दलचा तो टिपिकल गैरसमज नाही. आमच्याकडेही पोरी "मला बारीक व्हायचंय" म्हणत नाहीत, म्हणतात गॅस होतो, जड वाटतं, मळमळतं, जेवण जातच नाही. मग त्यांची सोनोग्राफी होते, एंडोस्कोपी होते, सगळं नॉर्मल येतं आणि वर्ष जातं. अर्थात पोटाचा खरा आजार असूही शकतो म्हणून तपासणी डावलायची नाही, पण रिपोर्ट नॉर्मल आला की विषय संपला असंही नाही.

तिसरा, "ती तर दिवसभर रेसिपीचे रील बघते, रूममेट्सना मॅगी करून घालते, तिला कसला आजार". अहो हेच तर लक्षण असू शकतं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर ते बाप्ये रेसिपीची पुस्तकं वाचायला लागले आणि दिवसरात्र फक्त खाण्यावर बोलायला लागले. उपाशी मेंदू असाच वागतो.

चौथा घोळ मुलांचा. मुलगे. स्कॉफ मुळात बायकांवर तपासली गेलेली, त्यामुळे तिच्या जाळीतून मुलगे निसटतात. पोलीस भरतीवाला, वजनगटासाठी पाणी तोडणारा पैलवान, जिममध्ये "कटिंग" करणारा, याला "वजन कमी करायचंय का" विचारलं तर नाही म्हणेल, कारण त्याला वाढवायचंय. त्याला विचारा, एक दिवस जिम चुकली तर काय होतं? चीट डेच्या दुसऱ्या दिवशी काय करतोस? मित्रांबरोबर मिसळ खायला शेवटचा कधी गेलास? उत्तर येण्याआधी जी शांतता असते ना ती ऐका.

प्रत्यक्ष दिवशी

वर्गात एकत्र भरून घेऊ नका, शेजारचा डोकावतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच नाही. माझ्या खोलीत किंवा लायब्ररीच्या कोपऱ्यात सहा-सहा जण, कागदावर, नाव नाही पण कोड नंबर, आणि कोड-नावाची यादी वेगळ्या कुलपात. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे टाळा. सोमवार ते बुधवारच घ्या, म्हणजे रिझल्ट बघून काही गंभीर निघालं तर डॉक्टर मिळायला पुढचे दिवस हातात असतात. शुक्रवारी दुपारी फॉर्म घेतला आणि शनिवार-रविवार बंद, हे मी केलेलं आहे, झोप लागत नाही.

फॉर्म त्याच दिवशी वाचायचे. सगळे. आणि ज्यांचा स्कोर वर आलाय त्यांना ४८ तासांत बोलवायचं, पण फक्त त्यांनाच बोलावलं तर कॉरिडॉरमध्ये कुजबुज होते, म्हणून मी कमी स्कोरवाल्या चार-पाच जणांनाही मध्ये मध्ये बोलावते. झोपेबद्दल गप्पा मारते, सोडून देते.

बोलायचं कसं

दार लोटलेलं, खुर्च्या काटकोनात, टेबलवर पाणी, बिस्किटं नाहीत (ही चूकही करून झालीय). संभाषण साधारण असं चालतं:

"तू फॉर्म भरलास त्यात एक-दोन गोष्टी होत्या, त्याबद्दल बोलूया का? नाही म्हणालीस तरी चालेल."

"मॅम, मी असंच टिक केलं होतं."

"बरं. काल दिवसभरात काय काय झालं सांग मला, सकाळी उठल्यापासून. कॉलेज, मेस, सगळंच."

मग ती सांगत जाते. नाश्ता, नाही मॅम सकाळी भूक नसते. दुपारी डबा, तो मैत्रिणीने खाल्ला. रात्री मेसमध्ये होते ना. मेसमध्ये काय होतं? इथे ती थांबते. भाजी सांगते, डाळ सांगते, आपण काय खाल्लं ते सांगत नाही. मी तिथे घाई करत नाही. एकदा एका मुलीने या जागी पाच मिनिटं नुसता ओढणीचा काठ गुंडाळला आणि सोडला, आणि मग म्हणाली, "मी भाकरीचे तुकडे करते आणि वाटीखाली ठेवते." त्यानंतर दीड तास बोललो.

तीन वाक्यं चुकूनही बोलायची नाहीत. "बारीक झालीस गं", हे तिला बक्षीस वाटतं. "आता छान भरलीयेस", हे तिला शिक्षा वाटते. आणि "चार घास खाल्ले की सगळं ठीक होईल."

आत्महत्येबद्दल थेट विचारायचं. "कधी जगूच नये असं वाटतं का?" असं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, आणि एनोरेक्सिया (वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार) हा मानसिक आजारांमधला सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्यांपैकी एक आहे, उपासमारीने आणि आत्महत्येने दोन्ही. हो आलं तर तिला एकटीला खोलीबाहेर सोडायचं नाही.

त्याच दिवशी डॉक्टर कधी

हे कागदावर लिहून भिंतीवर लावा. चक्कर येऊन पडली असेल. छातीत धडधड. बसल्या जागी नाडी मिनिटाला ५० च्या खाली. वरचं बीपी ९० च्या खाली, किंवा झोपून उठून उभं केल्यावर वरचं बीपी २० पेक्षा जास्त उतरतंय. रोज उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या, कारण त्यात पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो, वरून पोरगी ठणठणीत दिसते. उलटीत रक्त. पाणीसुद्धा बंद. आणि टाइप १ डायबेटिसवाल्याने वजन उतरवायला इन्सुलिन गाळणं, हे तर कोणी विचारतच नाही, तुम्ही विचारा.

वजन यादीत नाही बघा. मुद्दाम. बुलिमियावाल्यांचं (ताबा सुटून खातात आणि मग उलटी वगैरे करून ते काढून टाकतात त्यांचं) वजन बहुतेक वेळा नॉर्मल असतं, आणि ८५ वरून ६२ वर चार महिन्यांत आलेल्या मुलीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) छान दिसतो पण नाडी ४६ असू शकते. अर्थात बीएमआय १६ च्या खाली असेल तर इतर काही नसलं तरी लगेच पाठवा. वजन करायचंच झालं तर काट्याकडे पाठ करून उभं करा आणि आकडा मोठ्याने वाचू नका. बाकी बघायचं ते हाताच्या बोटांच्या पेरांवर मागच्या बाजूला व्रण, गाल कानाखाली सुजल्यासारखे, दातांचं आवरण झिजलेलं, मे महिन्यात स्वेटर.

आणि एक धोका रेक्टर मंडळींसाठी. बरेच दिवस उपाशी असलेल्या मुलीला प्रेमाने एकदम भरपूर जेवू घालू नका, लाडू-शिरा-ग्लुकोज काही नाही. शरीरातलं फॉस्फेट झपकन खाली येतं, त्याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात, जीव जाऊ शकतो. पहिलं खाणं डॉक्टरच्या देखरेखीखाली.

घरी फोन

१८ च्या वर असेल तर तिला विचारून, शक्यतो तिच्या समोर, स्पीकरवर. कोणाला लावायचा हेही तीच ठरवेल, आई असेलच असं नाही, मला आत्या आणि मोठे दादा जास्त कामाला आलेत. पहिलं उत्तर बहुतेक वेळा "अहो मॅडम, बारीकच बरी, पुढे स्थळं बघायचीत" किंवा "आमच्यात असलं काही नसतं." वाद घालू नका. मनाचं सोडा, शरीराचं सांगा, "काकू, तिची नाडी ४८ आहे आणि चार महिने पाळी आलेली नाही, उद्या डॉक्टरांना दाखवायचंय." पाळी आणि नाडी या दोन शब्दांना आई लगेच जागी होते. वडिलांना ईसीजीचा कागद दाखवा.

नंतर

पाठवलं म्हणजे काम झालं नाही. दोन आठवड्यांनी फोन, "गेलीस का" नाही तर "कसं वाटलं तिथे", कारण डॉक्टर पटला नसेल तर ती दुसऱ्यांदा जाणार नाही आणि सांगणारही नाही. मग कागदावरचं दुसरं नाव. हजेरीची सवलत लागली तर मेडिकल सर्टिफिकेटवर आजाराचं नाव न घालता देता येतं का ते डॉक्टरांना विचारा, बहुतेक देतात.

दहातले जे सात त्रास नसताना उगीच जाळ्यात आले त्यांना एका वाक्यात मोकळं करा, "फॉर्ममध्ये जरा वर आलं होतं, बोलल्यावर तसं काही वाटत नाही, कधी वाटलं तर ये." आणि ज्यांचा स्कोर शून्य आला पण मेसमधल्या मावशी सांगतात की ती पोरगी भात घेतच नाही आणि जेवण झालं की बाथरूमचा नळ अर्धा तास चालू असतो, तर मावशींवर विश्वास ठेवा. फॉर्मला खोटं सांगता येतं. फक्त मावशींना हेर बनवू नका, त्यांना एवढंच सांगितलंय की पोरीला काही बोलायचं नाही, मला सांगायचं.

पुढची फेरी आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर तिसऱ्या आठवड्यात घेतो. पोरं घरून फराळ आणि नातेवाइकांची मुक्ताफळं दोन्ही घेऊन आलेली असतात, "किती सुटलीस गं" वगैरे, आणि मेसच्या रजिस्टरमध्ये रात्रीच्या जेवणाच्या रिकाम्या चौकटी साधारण त्याच सुमाराला वाढायला लागतात.